शोधात दिसेपर्यंत

३ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! तीही मृत्यूनोंदणी कार्यालयात. दादा म्हणाला, आमच्या चिंगीला अखेर भांडखोर नसलेली गिऱ्हाइकं मिळाली. अंथरुणाला खिळलाय, पण जीभ काही गप्प बसत नाही. आई-बाबांमागे त्यानेच मला लहानाचं मोठं केलं, तेव्हा ऐकून घेते. काम सोपं आहे. लोक ज्यावर नावं शोधतात तो सर्व्हर सांभाळायचा. त्यात लक्षात ठेवायच्या वेळा दोनच. नवी नोंद मिनिटाभरात डिस्कवर जतन होते. शोधात दिसते मात्र अर्ध्या तासाने, प्रकाशित झाल्यावर.

९ मार्च
जतन झालेल्या, पण अजून अप्रकाशित नोंदींत शिपाईकाकांचं नाव! ते तर समोर फायली लावत होते. कुणाचा तरी चावटपणा, म्हणून मी हसले. अर्ध्या तासाने नोंद प्रकाशित झाली आणि काका जिन्यात कोसळले. जागीच गेले.

१२ मार्च
आणखी दोघं, अगदी तसेच. या नोंदी कुणीच टाकत नाही. मी पुसते, मिनिटात परत येतात.

१४ मार्च
दादाचं नाव आलं. अकरा मिनिटं उरली होती. प्रकाशन बंदच करून टाकलं आणि घरी धावत सुटले. दादा जिवंत! त्याच्या कुशीत पोटभर रडले.

२ एप्रिल
प्रकाशन बंद म्हणजे सगळ्यांचंच मरण बंद. इस्पितळात कुणी मरत नाही, बरंही होत नाही. बाकांवर, जमिनीवर माणसं — आकांत नुसता. दादाचा सापळा झालाय. कुठलंच औषध लागू पडत नाही. काल म्हणाला, चिंगे, सोडव गं मला.

५ एप्रिल
सगळं सांगून टाकलं त्याला. वाटलं, वेड्यात काढेल. हसला — किती दिवसांनी! म्हणाला, एक बटण दाबायला तीन आठवडे? लहानपणापासूनची आळशी तू.

६ एप्रिल
लॅपटॉप त्याच्या उशाशी. प्रकाशन — अर्ध्या तासाऐवजी दर मिनिटाला. माझं बोट हलेना. त्यानेच धरून दाबलं.

चाळीस सेकंद उरले —

डोळे पूस म्हणतोय —

दादा, तुला त्रास होतोय हे दिसत होतं रे, तरी मी —