एकही झडती न घेतलेला डाव

प्रिय आत्या,

काल मी हरलो आणि पट उधळला नाही! हे तुलाच कळवायला हवं. रोह्यात कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि रामवाडीला बाबांना सांगितलं तर ते विचारतील, "कसला पट?"

तू गेल्यापासून दुकान बंदच होतं. काल मंदारदादाने किल्ली दिली. म्हणाला, "आईकडे शिवायला आलेलं कापड ज्याचं त्याला देऊन टाक." सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आलो, शटर वर केलं. मशीनवर तुझा टेप, खडू, आणि टेबलाखाली तो खोका! दादाने बोटीवरून येताना आणलेला, बंडखोर आणि सरकारच्या लढाईचा खेळ. लेडीज टेलरला हे असलं कशाला म्हणून किती हसलो होतो आम्ही. आणि त्याच खेळात हरवून हरवून तू मला रडवलंस.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा बाबा माझ्याशी बोलेनात. तू मात्र विचारलंस, "म्हंजी आता दुपारचा मोकळा हायस ना? मग ये खेळायला." इंग्रजी नियम मी वाचायचे आणि तू मोडायचे! सोंगट्या हरवल्या तशी काळी बटणं बंडखोर झाली, पांढरी सरकार.

आणि तुझी ती ओहोटी? पटावरचं बेट कुठल्या समुद्रातलं कोण जाणे, पण माझी होडी किनाऱ्याला लागली की तू भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचीस.

"ओहोटी हाय. रुतली तुझी होडी चिखलात. एक खेळी गप बस."

"आत्या, नियमात असं काही नाही!"

"लिवणाऱ्यानं धरमतरची खाडी बघितली नसंल. त्याला मी काय करू?"

खरं सांग, हरायला लागलीस की मगच ओहोटी यायची ना?

सरकार नेहमी मीच. गावाची झडती घेतली आणि लपलेलं काळं बटण सापडलं तर सरकारचा फायदा, नाही सापडलं तर गाव रागावून बंडखोरांकडे जायचं. मी दर खेळीला झडती घ्यायचो. तू कपाळाला हात लावायचीस.

"अरं, जरा बस की त्या गावात. रस्ता बांध, विहीर खण."

"तोवर तू पळशील!"

"मी पळीन. गाव कुटं पळतंय?"

काज-बटण शिकायला श्रुती तुझ्याकडे यायची. मी खेळायला येतो की तिला बघायला, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तिला बरोब्बर माझ्यासमोरच्या मशीनवर बसवलंस. लबाड!

आणि मी काय केलं? तिचा फोन सारखा वाजतो म्हणून एक दिवस तुझ्यादेखत हिसकावला. "कोण आहे हा? दाखव!"

"मी काय तुझ्या पटावरचं गाव हाय, झडती घ्यायला?" ती म्हणाली, आणि निघून गेली ती परत दुकानात आलीच नाही. तुझ्या आजारपणात घरी यायची, पण मी नसेन ती वेळ बघून. तू मला रागावली का नाहीस गो आत्या? नुसतं म्हणालीस, "गाव गेलं बघ तुझं."

काल ती आली. तिचा अर्धा शिवलेला ब्लाउज न्यायला. मला बघून दारातच थांबली. मग तिची नजर खोक्यावर गेली.

"एक डाव?" मी विचारलं.

"काळी बटणं माझी."

तिने फोन मुद्दाम पटाशेजारी ठेवला. तो वाजला. मी होडीकडे बघत बसलो. परत वाजला. माझे कान तापले. माझे कान तुला माहीत आहेतच! ती फोनकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"घे ना," मी म्हणालो.

ती बाहेर जाऊन बोलली. हसलीसुद्धा! परत येऊन बसली. कोण होतं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी एका गावात रस्ता बांधला.

"तब्येत बरी हाय ना तुझी?"

"का?"

"झडती नाय घेतलीस अजून."

"तुझी खेळी आहे. खेळ."

हरलो. सपशेल! बटणं डबीत भरताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सरकार मी. बघू, तुला तरी लपता येतंय का."

पेणच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. समोरच्या मासेवाल्या मावशीने विचारलं, "काय रं, पास झालास काय?"

"नापास, मावशी! एकदम नापास!" तिने टोपली जरा लांब सरकवली.

आज कारखान्यात गणपतीचं पितांबर रंगवताना दोनदा हात चुकला, कारण तो फोन कुणाचा होता हे मला अजून माहीत नाही. जीव जातोय, आत्या! पण विचारणार नाही. तिला वाटलं तर ती सांगेल. नाही वाटलं तर मी तिच्यासमोर बसून रस्ते बांधत राहीन.

तुझी शप्पथ. तू घेऊ द्यायची नाहीस. म्हणायचीस, "तू मोडशील, नि मरायची मी." आता तेही भय उरलं नाही. तरी ही मोडणार नाही.

तुझा तापट भाचा,
सुहास