रिकामं घर कोण तापवतं!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस गेली! कंपनीचा माणूस आला, आत टॉर्च मारली, "तडा गेलाय, बाई" म्हणाला, लाल चिठ्ठी चिकटवली आणि गॅस बंद करून निघून गेला. मॅनिटोबाचा हिवाळा दारात उभा, आणि घर तापवायला एक विजेचा हीटर.

केंटनला फोन केला. पोरगा जणू वाटच बघत होता! "आई, आता पुरे. लॉजमध्ये खोली रिकामी आहे. या वयात एकटीनं गॅसशी कशाला खेळायचं?" लॉज म्हणजे म्हाताऱ्यांची इमारत. तिथल्या खिडक्यासुद्धा उघडत नाहीत. मी म्हटलं, नवी फर्नेस बसवते. तर म्हणाला, "बसव. पण एक जरी गोष्ट बिघडली, तर लॉजमध्ये नाव घालायचं." मी हो म्हणून बसले. माझी जीभ!

१५ ऑक्टोबर

कॉर्नी रायमर येऊन बघून गेला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून वेण्या ओढायचा. जन्मभर गॅसचे पाइप जोडले. लायसन अजून चालतं, गुडघे चालत नाहीत. नवी फर्नेस बुटकी आहे, जुना पाइप तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणाला, "जुन्याला ठिगळं नकोत, नेटा. मीटरपासून नवा टाकू." मी लगेच म्हटलं, निदान वळणावरचे एल्बो तरी जुने वापर, चांगले आहेत. त्यानं असं बघितलं की मी कॉफी ठेवायला गेले.

१७ ऑक्टोबर

दोन दिवस तळघरात. मजा आली — खरंच! माझा नवरा, याकोब, गेल्यापासून घरात कोणी माझ्यावर खेकसलं नव्हतं.

पाइपांच्या आट्यांना गळती रोखणारी पेस्ट लावायचं काम माझं. "लोण्यासारखी लाव, जॅमसारखी नको! आणि टोकाचे दोन आटे कोरे सोड. आत गेली तर व्हॉल्व्हच्या घशात बसते." सगळं लोण्यासारखंच लावलं, पण शाबासकी काही मिळाली नाही. फर्नेसच्या आधी पाइपाला खाली एक आखूड, बंद तुकडा लोंबतो. विचारलं, हे शेपूट कशाला? म्हणाला, "कचऱ्याचा खिसा आहे तो. पाइपातली घाण यात पडते, पुढं जात नाही." असा एक खिसा माणसालाही हवा होता. चर्चच्या बायकांच्या गप्पा त्यात टाकल्या असत्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळे जोड झाले. आता परीक्षा. गॅसनं नाही, आधी हवेनं. फर्नेस अजून जोडायची नाही — तिच्या नाजूक व्हॉल्व्हला एवढा दाब सोसत नाही. टोकाला टोपी घट्ट बसवली आणि कॉर्नीनं सायकलच्या पंपानं हवा भरली. दाबमापकाचा काटा पंधरावर. "हा हलला नाही, तर एकही जोड गळत नाही. सोमवारी बघतो."

उद्या रविवार. रविवारी आमच्यात कोणी पान्याला हात लावत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून सगळे माझ्याकडेच फास्पाला, रविवारच्या दुपारच्या फराळाला, आले. कॉफी, झ्वीबाक पाव, चीज, बेरीचा मुरांबा. केंटन कोटही न काढता आधी तळघरात. वर आला तो तोंड पाडून. "आई, काटा उतरलाय."

कॉर्नीच्या हातातला पाव हातातच राहिला. खाली जाऊन बघून आला, हात नुसते शिवशिवत होते. पण रविवार! "उद्या," एवढंच म्हणाला. शार्लानं माझ्या पाठीवर हात ठेवला. सून गुणाची आहे, पण तो हात मला नको होता. केंटन निघताना हळूच म्हणाला, "मी उद्या लॉजला फोन करतो."

ओरडला असता तर भांडले असते. हीटर लावायचंही सुचेना. दोन रजया ओढून हे लिहितेय. मला हे घर सोडायचं नाही. नाही म्हणजे नाही.

२० ऑक्टोबर

कॉर्नीनं ब्रशनं एकेका जोडाला साबणाचं पाणी लावलं. गळत असेल तिथं बुडबुडा येतो. एकही नाही! पुन्हा लावलं. नाही. मग आमच्या बोलीत दोन शब्द बोलला, जे चर्चमध्ये चालत नाहीत, आणि पायरीवर बसला. कुडकुडत म्हणाला, "किती गारठा आहे गं इथं. काल चर्चला जाताना हीटर चालू होता?"

"रिकामं घर कोण तापवतं!" मी म्हटलं.

कॉर्नीनं काट्याकडे बघितलं, बंद हीटरकडे बघितलं. आणि मग जो हसायला लागला, तो खोकला येईपर्यंत. "अगं चिकट बाई! गारठ्यानं पाइपातली हवा आकसली. काटा उतरणारच! आख्ख्या गावात तुझ्यासारख्याच सगळ्या, आणि मला हे आधी सुचू नये!"

हीटर लावला. कॉफी घेऊन समोरच बसलो. दुपारपर्यंत काटा कोणी हात न लावता पुन्हा पंधरावर! केंटनला फोन केला. "लॉजला कळवलंस?" "नाही अजून." "मग कळवू नकोस." आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर

झ्वीबाक भाजले. सगळे कॉर्नीला दिले.

२२ ऑक्टोबर

फर्नेस जोडली, गॅस सोडला. शेवटच्या जोडाला साबण लावला तर — बुडबुडा! तान्ह्या बाळाच्या ओठावर येतो तेवढा. कॉर्नी मात्र खूश. "बघ, असा दिसतो खरा!" गॅस बंद केला, पाना जरासा फिरवला, पुन्हा सोडला, पुन्हा साबण. काही नाही. इन्स्पेक्टरबाईंनीही तपासून सही केली.

ज्योत निळी. घर गरम. केंटन संध्याकाळी आला, गरम हवेच्या जाळीवर हात धरून उभा राहिला. म्हणाला, "आई, हरलो. लॉजचं नाव काढणार नाही." त्याला जेवूनच जा म्हटलं. किती दिवसांनी पोटभर जेवला माझ्याकडे! मी आज सुखी आहे. लिहूनच ठेवते.

२६ ऑक्टोबर, रविवार

केंटन आज गॅस कंपनीचं कार्ड घेऊन आला. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात सडक्या अंड्यांचा वास मिसळतात — गळला तर कळावा. तो ओळखता यावा म्हणून हे कार्ड, नखानं खरवडायचं. त्यानं खरवडलं आणि "ई!" करून नाक दाबलं. शार्लानं खिडकी उघडली. मग केंटननं कार्ड माझ्या हातात दिलं. "आई, तूही बघून ठेव."

मी बघितलं. अगदी नाकाला टेकवून हुंगलं. काही नाही.

"राहील ना लक्षात?" त्यानं विचारलं.

मी त्याच्यासारखंच नाक दाबलं आणि म्हटलं, "राहील की."