ओसरीवरची विलायती शाळा

९ जानेवारी १८६५, अमरावती

पंजाबराव आज पावलांनी ओसरी मोजत होते! पोरं पाढे म्हणत बसलेली, तीही थांबली. मी पाहतोय म्हटल्यावर म्हणाले, "पंतोजी, राग नका मानू. पन इथं कापूस किती मावते?"

ओसरी त्यांची, शाळा माझी. अमेरिकेत गोरे आपसात लढतात आणि छप्पर जातं माझं! तिकडचा कापूस थांबला, म्हणून इथल्या कापसाला भाव असा आलाय की लोक देवघराकडेही वखारीच्या नजरेनं पाहतात.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सरकारी शाळाखात्याचे डेप्युटी तपासणीला येताहेत. "त्यायनं शाळा बरी हाय म्हनलं तं राहू द्या. नाई म्हनलं तं मी कापूस भरतो."

१० जानेवारी

मैनाबाईला सांगितलं. बायको म्हणून धीर देईल वाटलं. म्हणाली, "त्या डेप्युटीपुढे तेवढी जीभ आवरा."

१२ जानेवारी

हंगामात मी कापूसवाल्या साहेबांचा दुभाष्या. एलिचपूरच्या छावणीत उचललेलं इंग्रजी चार महिने पोट भरतं. आज चहावर दोन साहेब शाळांवरून भांडले. जर्मन म्हणे, आमच्याकडे पोर शाळेत गेलं नाही तर बापाला दंड. (हा कायदा इकडे आला तर वऱ्हाडातले सगळे बाप मेळघाटात पळतील.) डंकन साहेब स्कॉटलंडचा. तो म्हणे, आमच्याकडे दंड कशाला? शेतकऱ्याचा पोरगा पिठाची पिशवी खांद्यावर टाकून विद्यापीठात जातो, पीठ पुरेल तोवर शिकतो.

"आणि इंग्लंडात?" मी विचारलं. दोघंही हसले — तेवढ्यापुरतं एकमत! तिथे म्हणे श्रीमंत बाप मुलाला लांब पाठवतो. मोठी पोरं त्याला बदडतात, आणि मास्तर मेलेल्या भाषेत श्लोक रचायला लावतात.

म्हटलं, "मग काशीला पाठवा की. स्वस्तात होईल." डंकनला हसताना ठसका लागला. जर्मनानं काशीला जायला किती दिवस लागतात ते विचारलं.

आपल्याकडे मुंबईला विद्यापीठ निघालंय. तिथे नापास झालेल्यालाही नोकरी मिळते म्हणे. या बाबतीत आपण सगळ्यांच्या पुढे!

१७ जानेवारी

डेप्युटी आले. पुण्याचे, कोवळे, पगडी मात्र वयस्कर. मोठी पोरं धाकट्यांना घेऊन बसली होती. धाकटी पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवत होती.

"शिकवतं कोण, पंतोजी? आपण, की ही मुलं?"

"मी मोठ्यांना, मोठे धाकट्यांना. माझ्या वडिलांचीही हीच रीत."

"म्हणूनच आपण मागे! विलायतेत असलं खपवून घेत नाहीत."

पंजाबरावांची नजर लगेच आढ्याकडे. मी जीभ आवरली. दात दुखेपर्यंत आवरली. निकाल उद्या.

१८ जानेवारी

वाचलो!

पंजाबरावांनी घाई केली, तीच कामी आली. निकालाआधीच त्यांनी डंकन साहेबाला वखारीची जागा दाखवायला आणलं. डेप्युटी तिथेच. साहेबानं छप्पर पाहिलं, भिंतीवर नख घासलं, आणि धूळपाटीपाशी थबकला. मग विजारीसकट उकिडवा बसला आणि धुळीत बोटानं आपलं नाव काढलं!

म्हणाला, "मी असाच शिकलो. वाळूची पेटी, आणि शिकवायला मोठी पोरं. त्याला मद्रासची पद्धत म्हणत. एका पाद्र्यानं मद्रासेत पाहिली आणि तिकडे नेली."

डेप्युटींना माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं. तरी मी मराठी करून सांगितलं. सावकाश. दोनदा.

पंजाबराव म्हणाले, "म्हंजे माह्या ओसरीत विलायती शाळा भरून राहिली, अन् मलेच पत्ता नाई?"

डेप्युटींनी उपरणं सारखं केलं. "पद्धतीत तथ्य आहे," म्हणाले.

"कापूस दुसरीकडं पाहू, सायब!" — इति पंजाबराव.

१९ जानेवारी

उन्हं अंगावर येईपर्यंत झोपलो. मैनाबाईनं शिरा केला. जिभेला बक्षीस, म्हणाली.

२५ जानेवारी

पंजाबराव पाहुण्यांना शाळा दाखवत हिंडतात, जणू नवा घोडा घेतलाय. आज त्यांचे व्याही नत्थुजी हिवरखेडहून मुद्दाम पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे तं आमच्याही गावात हाय. पन आमच्याकडं अजून सायब बसला नाई धुळीत!"

चला. धूळ तीच, मान वाढला. मला चालतं.

२ फेब्रुवारी

डंकन साहेब अकोल्याला निघाला. गाडी जुंपेपर्यंत मी पुन्हा आभार मानले. म्हणाला, "ती पद्धत आमच्याकडे कधीच बंद केली. मोठ्यांच्या चुका धाकट्यांना चिकटायच्या."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी कसा शिकलो तेवढं सांगितलं. शिवाय तुमच्या ओसरीला वाळवी आहे. कापूस तिथे कोण ठेवील?"

३ फेब्रुवारी

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे धाकटे स्वतःपुढे बसवले. विचारलं, सात दीड किती? (साडेदहा.) सगळ्यांनी माना डोलावत, एका सुरात, न अडखळता सांगितलं — अकरा!

उद्यापासून धाकटे माझ्याजवळ बसतील.