नळाच्या लाईनीतला सहावा नंबर

प्रिय मोहिनी आंटी,

प्रिय लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलं. तुमच्यावर माझा राग आहे तो आहेच, तो पुढे लिहिते.

डॉक्टरांनी सांगितलेला आज दहावा दिवस. सकाळी आमच्या पिंकीला घेऊन दवाखान्यातून आले. ती आता झोपली आहे आणि आमच्या ह्यांची दुपारपाळी आहे. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. तुम्हाला तर मराठी वाचताच येत नव्हतं, रेशन दुकानाची पाटी पण मला वाचायला लावायच्या. मग पत्र कशाला? तर दहा दिवस मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार होते, तो कसा आहे? चार दिवस विचारला आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. नंतर काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणून लिहिते.

तो म्हणजे तुमचा कुत्रा. तुम्ही त्याला कुत्रा बोलू द्यायच्या नाहीत. पुट बोलायच्या, तुमच्या सिंधीत मुलगा. त्याचं नाव मी कधी घेतलं नाही, कारण त्याचं आणि आमच्या ह्यांचं नाव एकच. लग्न होऊन आम्ही बराकीतल्या खोलीत राहायला आलो, त्याच दिवशी तुम्ही नावाने हाक मारली, "अंदर आ, खाना ठंडा हो रहा है." आमचे हे चपला काढून तुमच्या दारात उभे! तेवढ्यात मागून तो आला आणि ह्यांच्या पायांमधून आत शिरला. सगळी बराक हसली. मी पण तोंडाला पदर लावून हसले, पण भिंतीला चिकटून. एवढा मोठा कुत्रा, गळ्यात पट्टा नाही, आणि उंबऱ्यातून माणसासारखा ये-जा करतो.

आमचा पाडा बारवी धरणाच्या बाजूला. तिकडे पण कुत्रे होते. अंगणात राहायचे, उरलेली भाकरी खायचे, रानात सोबत यायचे. घरात कोणी घेत नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असताना माझ्या चुलतीला एक कुत्रा चावला. लोकांनी पाला बांधला, बरं झालं असं सगळे बोलले. दोन महिन्यांनी ती पाण्याचा तांब्या बघून ओरडायला लागली. मी दाराच्या फटीतून बघितलं. नंतर ती गेली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का?

तुम्ही त्याला सगळीकडे न्यायच्या. रिक्षात तो सीटवर, आणि बाकीची माणसं दाबून बसलेली. नळावर तर त्याचा नंबरच होता. बादली एकटी ठेवली की बायका पायाने मागे सरकवतात, म्हणून तुम्ही बादलीशेजारी त्याला बसवायच्या आणि घरी जाऊन चहा करायच्या. सहावा नंबर. कोण हात लावणार? कोपऱ्यावरची पार्वतीताई एकदा बोलली, "आंटी, याचं नाव आता रेशन कार्डावर पण घाला." तुम्ही न हसता बोललात, "लिखवाने गई थी. वो लोग मानते नहीं." तुम्ही खरंच गेला होतात की मस्करी, मला अजून माहीत नाही.

मी त्याच्या मागे कधी उभी राहिले नाही. माझा नंबर सातवा आला तरी मी नववी, दहावी व्हायची. कधी कधी पाणी जायचं, हंडा अर्धाच राहायचा. तुम्हाला वाटायचं पोरगी आळशी आहे. आळशी नव्हते, आंटी. घाबरत होते.

दवाखान्यातलं आठवतं? मला आठवा महिना होता आणि हे कामावर. तुम्हीच मला रिक्षात घालून नेलं, आणि तो पण बरोबर. बाकड्यावर दोनच जागा, एका जागेवर तुम्ही, दुसरीवर तो चढून बसला. तुम्ही त्याला बोललात, "बेटा, दीदी को जगह दे." तो ढिम्म. मग मला बोललात, "थक गया है." आणि शेजारची स्वतःची जागा मला दिली. बाकड्यावर मी आणि तो, आणि तुम्ही तासभर गुडघे धरून उभ्या. मी अंग चोरून बसले होते. तुमचे उपकार मानू की राग करू, तेच कळेना. ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता चावल्याचं लिहिते.

त्या दिवशी सकाळी नळावर तुम्ही ग्लुकोजची दोन बिस्किटं काढलीत. एक पिंकीला, एक त्याला. तुमच्या हिशोबाने दोघं सारखीच. त्याचं खाऊन झालं, त्याने तिच्या हातातलं ओढलं. पिंकी तीन वर्षांची, ती कशाला सोडते? तुम्ही हसलात. "भाई-बहन का झगड़ा है." आणि मी पण हसले, आंटी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसले. मग तिच्या मनगटातून रक्त आलेलं दिसलं.

माणूस लाईनीत उभा असला तर त्याला सांगता येतं, बाबा, लहान पोर आहे, सांभाळ. त्याला मी काय सांगणार होते? ते तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही त्याला माणूस बोलत होता, पण माणसाने कसं वागायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि चुकी त्याची पण नाही. तो कुत्र्यासारखाच वागला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि विचारलं, कुत्रा पाळलेला आहे का? त्याला इंजेक्शन दिलंय का? मी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही बोललात, "घर के बच्चे को सुई क्यों मारूं?" परत जाऊन सांगितलं, तर डॉक्टर बोलले, पोटात रोज एक इंजेक्शन, आजपासून. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर बंद करू. मेला किंवा हरवला तर चौदाच्या चौदा घ्यायची, एक पण चुकवायचं नाही. मी विचारलं, चौदा घेतली की नक्की वाचेल ना? ते बोलले, वेळेवर आणलीत, घाबरू नका. पण मी ती दाराची फट विसरू शकत नव्हते.

मग मी रोज तुमच्या दारात. खाल्लं का? पाणी प्यायला का? पाण्याचं मी दोनदा विचारायची. दुसऱ्या दिवशी नळावर तुम्ही चिडलात. "मेरे बेटे को पागल बोलती है? सबके सामने?" मी पण सगळ्यांसमोरच बोलले, "बेटा नाही तो, कुत्रा आहे. तुम्हाला स्वतःचं मूल नाही, म्हणून कळत नाही."

तुमची बादली अर्धी भरली होती, तशीच उचलून तुम्ही गेलात. मी तोंडातून काय काढलं ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मागे आले नाही. तिसऱ्या दिवशी पण दारात उभं राहून फक्त त्याचंच विचारलं. तुम्ही आतूनच बोललात, "जिंदा है."

चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः माझ्या दारात आलात. त्याच्या गळ्यात कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. त्याच्या गळ्यात काही बांधलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "ले, देख ले. दो रोटी खाया. पानी पिया." तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होतात. मी आत या बोलले नाही. चहा विचारला नाही. पिंकीला मागे ढकललं आणि बोलले, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आतून दार खरवडत होता. पार्वतीताईने दाराला धक्का देऊन आतली कडी पाडली. तुम्ही स्टोव्हजवळ पडल्या होतात, कणीक मळलेली तशीच. डॉक्टर बोलले, हार्ट. मी उभी होते आणि आंटी, खरं सांगते, मी आधी त्याच्याकडे बघितलं. तो ठीक आहे ना, असं. मग तुमच्याकडे. ह्याची मला लाज वाटते.

तुमचा पुतण्या मुंबईहून आला. सगळं नीट केलं त्याने, काही कमी केलं नाही. सातव्या दिवशी खोलीला कुलूप लावताना बोलला, "भाभी, इसको स्टेशन की तरफ छोड़ देता हूं." मी बोलले, नाही, माझ्याकडे राहील. पार्वतीताई माझ्याकडे बघतच राहिली. आमचे हे बोलले, "तू? कुत्रा पाळणार?" मी बोलले, पाळत नाही, बघणार आहे. अजून तीन दिवस.

तुमच्याच दोरीने त्याला दाराबाहेर बांधला. ताटली काठीने पुढे सरकवायची. तो जेवेपर्यंत मी दारात उभी. जगातल्या कुठल्याच सुनेने सासऱ्याचं जेवण एवढं बघितलं नसेल.

आठव्या दिवशी दुपारी दोरी चावून तो गेला.

पिंकीला पार्वतीताईकडे टाकलं आणि निघाले. गळ्यात पट्टा नाही, नगरपालिकेचा बिल्ला नाही. कुत्रे पकडायची गाडी आली तर रस्त्यावरचाच समजून उचलणार. पट्ट्याचं तुम्हाला किती जणांनी सांगितलं होतं, आंटी? "बच्चे के गले में पट्टा डालते हैं क्या?" बघा, आता तुमचं बाळ कुठे शोधू?

आधी यू यू केलं, पाड्यात करतात तसं. चार भलतेच कुत्रे आले. त्याला यू यू माहीतच नव्हतं. तुम्ही त्याला नावानेच हाक मारायच्या. म्हणजे नाव घ्यायला पाहिजे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर नाही. कापडबाजारात भर गर्दीत मी उभी राहिले, तोंड उघडेना. मग पिंकीचं मनगट डोळ्यासमोर आलं.

लिहिते आता. सुरेश. सुरेश! ए सुरेश! सगळ्या बाजारात ओरडत फिरले.

कटपीसच्या दुकानातला माणूस गल्ला सोडून बाहेर आला. "कौन खो गया भाभी? बच्चा?"

"हां," मी बोलले. का बोलले माहीत नाही.

"कितने साल का?"

"छह."

"क्या पहना है?"

मी बोलले, "कुछ नहीं पहना. भूरा है. एक कान फटा हुआ."

त्याने डोळे बारीक केले. "आंटीवाला सुरेश? वो तो इधर रोज बिस्कुट खाता था. आज नहीं आया." आणि बाजूच्या दुकानात ओरडला, "ए, अपना सुरेश देखा क्या?" कोणी हसलं नाही, आंटी. मला वाटलं होतं हसतील.

मिळाला नाही. पाण्याची वेळ झाली तशी परत आले. रडत नव्हते, पाय चालत होते आणि तोंडाने नाव ओरडत होते. नळाजवळ पार्वतीताई लांबूनच बोलली, "ओरडू नकोस गं, घसा बसला तुझा. इथे बसलाय तो. सहावा."

सहावाच. पाचवीची बादली, मग तो, मग सातवीचा हंडा. मध्ये बादली नाही. गळ्यात दोरीचा तुकडा लोंबत होता.

"कोणी उठवलं नाही?" मी विचारलं.

"कोण उठवणार? आणि जाऊ दे ना, आजचा दिवस."

पिंकी पार्वतीताईच्या मागून बघत होती. बोलली, "आई, तो चावणार?" मी बोलले, मी आहे ना. आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा. तो उठला नाही, नुसतं वर बघितलं. त्याचा नंबर आला तेव्हा पार्वतीताई बोलली, "भर तू. त्याच्या नंबरवर तू भर." माझा हंडा आणून मी भरला. काठोकाठ भरला. मग दोरीचा तुकडा धरला, तो मुकाट्याने आला.

आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं, कुत्रा कसा आहे? मी बोलले, दूध-चपाती खाल्ली, पाणी प्यायला, पिंकीच्या चपलेवर झोपला होता. ते बोलले, मी कुत्र्याचं विचारलं, पोराचं नाही. मग पिंकीचं पोट बघितलं आणि बोलले, बंद. नऊ सुयांवर सुटली पोरगी.

आमच्या ह्यांना आल्या आल्या सांगितलं. हे बोलले, "बाजारात माझं नाव घेतलंस म्हणे. पाच वर्षांत मला एकदा नाही मारलीस हाक." मी बोलले, मारू? मारली. हे वळले आणि बाहेरून तो पण उठून दारात आला. दोघे उभे. तुम्ही असत्या तर हसल्या असत्या.

आता माझं ऐका. तो माझ्याकडे राहील. त्याला सुई मारणार, पट्टा आणि बिल्ला घालणार. बाकड्यावर बसवणार नाही, रिक्षात सीट देणार नाही, पिंकीच्या हातात काही खायला असताना जवळ येऊ देणार नाही. नळावर त्याला नंबर नाही. तिथे मी स्वतः उभी राहीन, माझी बादली घेऊन. माणसांच्या जागेत तो कुत्राच राहील, हे मी तुमच्या विरुद्ध करते आहे आणि करणार.

पण त्याला यू यू करणार नाही. नावानेच हाक मारीन, कोणी असलं तरी. आणि मूल नाही म्हणून कळत नाही, असं या तोंडातून परत कोणाला जाणार नाही, हा शब्द देते. चौथ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी त्याच्या गळ्यात दोरी बांधलीत. मला तेव्हा समजायला पाहिजे होतं.

तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्याबद्दल माफ करा.

तुमची शेजारीण,
सुमन
(पिंकीची आई, आणि आता त्याचं पण बघणारी)