उजवा हात, डावा मेंदू आणि वाघोलीची बदली

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
उदयगिरी शिक्षण मंडळ, मध्यवर्ती कार्यालय,
पुणे.

दिनांक : १३ जून २०१४

विषय : पतीचा उजवा हात पुन्हा उजवा धरून माझी वाघोलीची बदली रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २१ एप्रिलचा अर्ज. २) आपले दि. १० जूनचे पत्र, "चुकीची माहिती दिल्याबाबत".

महोदय,

१. मी मंडळाच्या नारायण पेठेतील शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकवते. माझे पती मकबूल, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, यांच्या मेंदूत ११ फेब्रुवारीस रक्ताची गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, बोलणे परत यायचे ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. त्यातले चार संपले. शाळा घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडून शब्द करून घेते. आजवर पाणी, चहा आणि नको, एवढे येते. वाघोलीला गेले तर परत यायला साडेसात वाजणार, आणि तोवर ते पार थकलेले असतात.

२. सबब गंभीर आजाराच्या सवलतीसाठी अर्ज केला. त्यावर आपले वरिष्ठ लिपिक श्री. मच्छिंद्र दरेकर यांनी शेरा मारला : "अहवालात मेंदूची डावी बाजू, अर्जात उजवा हात. बाजू जुळत नाही." मी समक्ष येऊन सांगितले, की प्रमस्तिष्काच्या डाव्या अर्ध्यातून निघालेले चेतातंतू मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छापाशी, ओलांडून पलीकडे जातात आणि मेरुरज्जूतून उतरून उजवा हात हलवतात. बोलण्याचे केंद्रही बहुतेकांचे डावीकडेच असते. हे मी दहावीला दरवर्षी दोन गुणांना विचारते. श्री. दरेकर म्हणाले, "अहो मॅडम, ते पुस्तकातलं झालं. इथं कागद जुळावा लागतो." मी आकृती काढून दिली. त्यांनी तिच्यावर आवक क्रमांक टाकला.

३. पुढे श्री. दरेकर यांनी, माझे भले व्हावे म्हणूनच, अर्जातल्या "उजवा"वर पांढरी शाई लावून "डावा" केले. कागद जुळला, बदली थांबली. मला तेव्हा कोणी काही कळवले नाही; आपले पत्र आल्यावर श्री. दरेकर यांनीच सांगितले. ५ जून रोजी पडताळणीसाठी श्रीमती हेमा साठे घरी आल्या. पतींनी डाव्या हाताने कप उचलून चहा घेतला आणि न सांडता खाली ठेवला. पाहुण्यांपुढे त्यांना आजकाल फार लाज वाटते, म्हणून जिवाचा आटापिटा करतात. अहवाल गेला : "डावा हात उत्तम. आजार आढळत नाही." उजवा हात शालीखाली होता. अर्जात नसल्यामुळे बाईंनी तो पाहिला नाही.

४. आता मी खोटारडी ठरले आहे आणि सोमवारी, १६ तारखेस, मला वाघोलीत हजर व्हायचे आहे. तीन दिवस मला एका जागी बसवत नाही. गॅसवर दूध ठेवते, विसरते, पुन्हा आपले पत्र काढून वाचते. महोदय, मला संताप आला आहे आणि तो लपवण्याची माझी इच्छा नाही. कार्यालयाचा आग्रहच असेल तर चेतातंतू सरळ खाली उतरतात असे मी वर्गात शिकवीन. मुलांचे दोन गुण जातील, कार्यालयाचा शब्द राहील. पण माझे पती मंडळाच्या सेवेत नाहीत, त्यांच्या मेंदूला हा आदेश लागू कसा करावा ते मला कळत नाही.

५. तरी विनंती, की माझा मूळ अर्ज उजेडात धरून पांढऱ्या शाईखालचे अक्षर वाचावे. तेही नको असेल तर आपण स्वतः घरी यावे, आज या, उद्या या, आणि शाल बाजूला करावी.

आपली, अजून तरी नम्र,
मुमताज मकबूल अत्तार
सहशिक्षिका (विज्ञान)

सोबत :
१) मेंदूच्या तपासणी अहवालाची प्रत.
२) मस्तिष्कपुच्छाची आकृती, नावांसह (दुसरी प्रत. पहिली आपल्याकडे आवक क्र. ४१२).
३) पतींनी काल डाव्या हाताने लिहिलेला कागद. माझे नाव लिहायला घेतले होते. "मु" झाले आहे. उरलेली अक्षरे सोमवारपर्यंत होण्यासारखी नाहीत.