आत्याबाईंची चांदी

आत्याबाई, तुमच्या डब्यातली नाणी खोटी निघाली. मी स्वतः तपासली, दुकानाच्या काउंटरवर, तुमच्या मुलीच्या डोळ्यांदेखत. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात म्हणून मी तुम्हाला तसं म्हणत आले. आज दुसरं काही म्हणावंसं वाटतंय, पण ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवते का? भवानी पेठेतलं आपलं अंधारं स्वयंपाकघर. लक्ष्मीपूजनाची सकाळ. तुम्ही पितळी डबा माझ्यापुढे ठेवता आणि म्हणता, "राखेनं घास, पर ओरखडा पडू देऊ नगंस." मी मन लावून घासते आहे, नव्या सुनेला असतो तसला उत्साह आहे अंगात. एका नाण्याची कड घासता घासता तांबूस दिसायला लागते. मी भाबडी, तशीच उठून तुम्हाला दाखवायला येते. "आत्याबाई, ही कड तांबडी दिसतीया की." दारात मामंजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. तुम्ही आधी त्यांच्याकडे पाहिलंत आणि मग माझ्याकडे. त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. तुम्ही म्हणालात, "माझी चांदी खरी हुती. गेल्या हप्त्यात मोडनिंबला कोण गेलं हुतं? बापाच्या घरी ठेवून आलीस व्हय?"

मग तुम्ही माझी बॅग आणून ओसरीवर उपडी केलीत. शेजारच्या बायका पायरीवर उभ्या होत्या आणि माझे आतले कपडे फरशीवर पडले होते. तुमचा मुलगा भिंतीकडे बघत राहिला. दोन दिवसांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलंत. शेत सोडून आलेल्या त्या माणसाला तुम्ही पाणीही विचारलं नाहीत. त्यांनी हात जोडले, "पोर तशी न्हाई, ताई," एवढंच म्हणाले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ते मागे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्यापाशी तरी खरं सांग. तू न्हाई न्हवं घेतलीस?" तुमच्या शिव्या मी गिळल्या होत्या, आत्याबाई. हा प्रश्न अजून गिळला जात नाही. मी 'न्हाई' म्हटलं, त्यांनी मान हलवली, पण ती कशी हलवली ते मला दिसलं. वडीलही आता नाहीत.

त्या दिवसापासून साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप. नातेवाइकांत मी 'हात मारणारी' झाले. पुढे पोरं शाळेत जायला लागल्यावर मी पेठेतल्याच एका चांदीच्या दुकानात कामाला लागले. पगारासाठी म्हणून सांगितलं, पण मला एकच शिकायचं होतं, खोटं कसं ओळखतात ते. मालकांनी शिकवलं. दगडावर नाणं टाकून ऐकायचं; चांदी लांबवर गुणगुणते, जर्मन सिल्व्हर, नावालाच चांदी, लगेच गप्प होतं. वजन बरोबर भरलं तरी जाडी बघायची. हलका धातू तेवढं वजन भरायला जाड असावा लागतो. लोहचुंबकावर विसंबायचं नाही, तांब्यापितळेलाही ते चिकटत नाही. शंका उरली तर कड कानशीनं जराशी घासून तेजाबाचा थेंब सोडायचा. हिरवा फेस आला की आत तांबं आहे.

गेल्या आठवड्यात तुमची मुलगी तोच डबा घेऊन दुकानात आली. पोरीच्या लग्नासाठी चांदी मोडायची होती. मी काउंटरवर बसते हे तिला माहीत होतं, तरी आली. पहिलं नाणं दगडावर टाकलं, ते गप्प. दुसरं, तिसरं, तसंच. कानस घेतली, थेंब सोडला, हिरवा फेस. मी डोकं वर केलं तर ती रडत होती.

"वयनी, आईला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "गड्ड्याच्या जत्रंत एका माणसाकडनं स्वस्तात घेतली हुती. नंतर सराफाला दाखवली, त्यानं सांगितलं खोटी हायती म्हणून. तुमचं लग्न बी झालं नव्हतं तवा. आबांना कळलं असतं तर त्यांनी तिला मारलं असतं."

"मग माझ्यावर कशाला?"

"तुमी त्यांच्यासमोर दाखवलं की. तिला दुसरं काय सुचलं न्हाई."

मामंजींचा हात कसा चालायचा ते मी पाहिलं आहे. तुमची भीती मला कळते. पण त्या सकाळची भीती एका सकाळपुरती होती. मामंजी गेल्यावर तुम्ही कितीतरी वर्षं जगलात. मीच तुम्हाला न्हाऊ घातलं, भाकरी दुधात कुस्करून भरवली. तेव्हा घरात आपण दोघीच असायचो आणि तुम्हाला मारणारं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही माझ्या हातून भाकरी खाल्लीत आणि किल्ली कमरेलाच ठेवलीत. हे मी माफ करणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, त्यांनी बोलावं.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून एक सांगून टाकते. डब्याच्या तळाशी एक नाणं खरं होतं, झिजलेलं, बहुधा तुमच्या आईनं दिलेलं. दगडावर टाकल्यावर किती वेळ गुणगुणत राहिलं. तुमच्या मुलीला त्यातलं काही कळत नाही. तिनं विचारलं, "एखादं खरं निघंल म्हणून आले हुते. एक तरी खरं हाय का, वयनी?" मी म्हटलं, "न्हाई." आणि ते नाणं बाकीच्यांत मिसळून डबा तिच्या हातात दिला.