परवडेल का

अल अझीझिया, दोहा
२५ जून

चि. आसू,
तुला आणि मिनिकला आईचे भरभरून आशीर्वाद.

एकवीस तारखेचा ग्रीनलंडच्या राष्ट्रीय दिनाचा फोटो पोचला. जावईबापूंना तो पांढरा टोपीवाला अनोरॅक-अंगरखा शोभतो हं. तुझे मात्र झेंड्यापाशी उभं राहून दात वाजताहेत, हे स्पष्ट दिसतंय. इथे उलटं. नळाच्या साध्या पाण्याने चटका बसतो, म्हणून गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी थंड म्हणून वापरतोय.

बाबा ऑफिसला गेलेत, म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलायचं तर ते शेजारच्या सोफ्यावर असतात. या पानांचे फोटो काढून पाठवते.

बाबांचा तुमच्या ग्रीनलंडच्या स्वातंत्र्याचा विषय अजून संपलेला नाही. जेवताना बातम्या लागल्या की सुरू. "अर्धा खर्च डेन्मार्क देतं. शाळा, दवाखाने चाललेत. मग वेगळं व्हायचं खूळ कशाला?" मिनिक मागे फोनवर त्यांना म्हणाला होता, "परवडेल का, हे सगळे विचारतात. हवंय का, हे कुणी विचारत नाही." त्यावर बाबा हसले आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुम्ही बापलेक बोललेला नाहीत.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तूच सांगितलं होतंस ना, घरचा कारभार तुमच्या राजधानीतून, नूकमधून चालतो, पण परराष्ट्र आणि संरक्षण कोपनहेगनकडे? परवा भाजी चिरताना मला हसूच आलं. स्वयंपाकघर माझं, सणवार माझे, तुझा अभ्यास माझा. कुठे राहायचं, गावी कधी जायचं, इथे अजून किती वर्षं काढायची, हे सगळं बाबांकडे. "आणखी दोन वर्षं, इन्शाल्ला," हे ते तू तिसरीत असल्यापासून म्हणताहेत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही गं. फक्त ठरवत राहिले. आणि मी थकले.

दर उन्हाळ्यासारखी बॅग भरली. बदाम, अत्तर, माईमावशीच्या नातवंडांना चॉकलेटं. काट्यावर ठेवून पाहिली, वजनात बसत होती, म्हणून देवघरातली अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून आत ठेवली. माझ्या आईने लग्नात दिलेली. बाबांच्या नजरेस पडलीच.

"दोन महिन्यांसाठी देव कशाला?"

मग सांगून टाकलं. या वेळी मी परत येणार नाही. सहा महिने बाहेर राहिलं की इथला राहायचा परवाना खलास, हे त्यांना वेगळं सांगायला नको. दरवर्षी त्याच्या आत मला परत आणायची काळजी तेच घेतात. नाशिकला माईमावशीच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. पुन्हा संस्कृतच्या शिकवण्या घेईन.

 मला वाटलं, रागावतील. किंवा थांब म्हणतील. तेवढं म्हणाले असते, तर कदाचित अन्नपूर्णा बाहेर काढलीही असती.

ते म्हणाले, "परवडेल का तुला?"

शुक्रवारचं विमान आहे. त्यानंतर बाबांना फोन करत जा. जेवलात का विचार, वरणभातापलीकडे त्यांना काही येत नाही. भांडू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस. मला रागावायचं असेल तर रागाव. काय हवं ते विचार, फक्त त्यांनी विचारलं ते तू विचारू नकोस.

आणि मिनिकला सांग, मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. हवंय.

तुझी आई,
सुहासिनी